आखाजीच्या दोन घागरी

इथं पानं गळायला लागली की माझे पाय घरात टिकत नाहीत. परदेशातल्या या पॉइंट कुकला आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना एका वयाची, एका उंचीची झाडं आहेत, शाळेत रांगेत उभ्या केलेल्या पोरांसारखी. इथले ऋतू उलटे, एप्रिल सरता सरता ती लाल होतात, आणि मग वाऱ्याबरोबर पानं थेट दारापर्यंत येतात. मी झाडू घेऊन बाहेर जाते. माझा मुलगा संजू आतून म्हणतो, आई, कशाला झाडतेस, परत पडणारच आहेत. त्याला वाटतं मी पानं झाडते. मला नुसतं बाहेर उभं राहायचं असतं. आत बसलं की कुणीतरी हाक मारल्यासारखं होतं.

आखाजी जवळ आलेली असते.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. पुण्या-मुंबईकडं त्या दिवशी सोनं घेतात. आमच्या खानदेशात तो लेकींचा सण. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, आमरस असतो, पुरणपोळ्या असतात, तळलेल्या सांजोऱ्या असतात. आणि घरातून गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर भरायची, तिच्या तोंडावर डांगर ठेवायचं. डांगर म्हणजे खरबूज. इथं त्याला रॉकमेलन म्हणतात आणि ते बारा महिने मिळतं. तिथं आखाजीला जमीन अशी तापते की दारातून विहिरीपर्यंत अनवाणी जाता येत नाही. इथं आखाजीला मी पायमोजे घालून हीटरपुढं बसते. घागर कुणासाठी भरायची, तर मेलेल्या माणसाला उन्हाळ्यात तहान लागते म्हणून. इथं कुणाला तहान लागणार?

आखाजीला सतयुग सुरू झालं असं माझा बा सांगायचा. देवळातले बुवा म्हणायचे, सतयुग नाही, त्रेता. बा म्हणायचा, बुवांचं पोट भरलेलं आहे, त्यांना कुठलंही युग चालतं.

बा सालदार होता. म्हणजे दुसऱ्याच्या शेतावर सालभर राबायचं, आणि साल मोजायचं आखाजी ते आखाजी. आदल्या दिवशी जुनं साल संपायचं, दुसऱ्या दिवशी नवं लागायचं. मधला आखाजीचा दिवस तेवढा कुणाचाच नसायचा. त्या दिवशी मालकाची हाक आली तरी बा उठायचा नाही. अंगणात खाटेवर पडायचा, पायावर पाय टाकून, आणि आम्हा दोघी बहिणींना सांगायचा की सतयुगात धर्म चार पायांवर उभा होता, बैलासारखा. मग एकेका युगात एकेक पाय गेला. आता कलीत एकच उरलाय. आणि हे संपलं की परत सतयुग येणार, परत चारी पाय फुटणार, चाकासारखं फिरत राहतं.

माझी धाकटी बहीण कौतिक. तिच्या पोटात काही राहायचं नाही. मनात आलं की तोंडातून बाहेर. ती म्हणाली, "बा, एका पायावर बैल उभा राहतो का कुठं? पडतोच तो."

बा म्हणाला, "पडतो. उचलायचा. परत पडतो."

हे त्यानं उगाच सांगितलं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात मालकाचा बैल खरंच बसला होता. चारा नाही, पाला नाही, हाडं कातडीतून वर आली होती. बसलेला बैल लवकर उठवला नाही तर परत उठत नाही. बानं त्याच्या पोटाखाली गोणपाट घातलं, लाकडं घातली. आम्ही चौघं होतो, बा, माय, मी आणि कौती, एकेका पायापाशी एकेक जण. कौतीला मागचा डावा पाय. ती केवढीशी होती, पण तिचाच आवाज सगळ्यात मोठा. बैल उभा राहिला. त्याचे पाय थरथरत होते आणि आमचेही. मग बसला पुन्हा. मग पुन्हा उठवला. त्या उन्हाळ्यात आम्ही दुसरं काय केलं ते मला आठवत नाही. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचं, तिथं मिळणारी सुकडी खायची, आणि आल्यावर बैल उचलायचा.

सतयुगात म्हणे माणसाला मागावं लागत नव्हतं, झाडाखाली उभं राहिलं की मिळत होतं. मी ते कधी खरं मानलं नाही. पण आमच्या घरात आखाजीपुरतं सतयुग पाळायची एक रीत होती, ती मायची. आखाजीला खोटं बोलायचं नाही. त्या दिवशी कुणीही कुणालाही काहीही विचारावं, खरंच सांगायचं. आम्ही दोघी सालभर प्रश्न साठवून ठेवायचो. कौती विचारायची, माय, तुला मी जास्त आवडते का अक्का? माय म्हणायची, ज्या दिवशी जी पाणी आणते ती. मी मोठी, म्हणून कौती मला अक्का म्हणायची.

लग्न झाल्यावर पहिल्या आखाजीला मी माहेरी आले. सासर लांब होतं, आणि सासू अशी होती की भाकरी मोजून द्यायची. मी झोक्यावर बसले होते, माय मागून झोका देत होती. तिनं विचारलं, बाई, सुखात आहेस ना?

आखाजीचा दिवस. खोटं बोलता येईना, आणि खरं सांगितलं तर मला परत पाठवताना मायला जड जाणार. मी गप्प राहिले. गप्प राहायला बंदी नव्हती. मग तिनं एवढंच विचारलं, अजून उंच देऊ का? आणि दिला. तिला सगळं कळलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं बाला माझ्या सासरी पाठवून निरोप दिला की पोरीचं अंग बरं नाही, महिनाभर राहील. आखाजी संपली होती, आता खोटं चालत होतं.

पुढं काय काय झालं ते सांगत बसत नाही. माझे मालक, संजूचे बाबा, लवकर गेले. मी जिनिंगमध्ये कापूस ओढला, दिवसभर नाकातोंडात तंतू. पापड लाटले. संजू शिकला. पुण्याला गेला, मग इकडं आला. स्वातीशी लग्न झालं, रिया झाली. रीत तेवढी मी सोडली नाही. संजूलाही आखाजीला खोटं बोलू दिलं नाही. तो लहान असताना त्या दिवशी शाळेतल्या सगळ्या खोड्या कबूल करून टाकायचा, कारण त्या दिवशी मी मारायचे नाही.

मी इकडं आले ती सहा महिन्यांसाठी. आले आणि मागून दार लागलं. कोरोना आला, विमानं थांबली, माझा व्हिसा संजू वाढवत राहिला. त्या पहिल्या वर्षी आखाजीला सगळं बंद होतं. घराबाहेर चालायला जायचं ते स्वातीबरोबर, तोंड बांधून, पार्कपर्यंत. पार्कात मुलांचे झोके आहेत. मी मनात धरलं होतं की आखाजीला पाच मिनिटं तरी झोक्यावर बसायचं. जाऊन बघते तर झोक्यांच्या साखळ्या वर गुंडाळून टाकलेल्या आणि सगळ्याला पट्ट्या बांधलेल्या. आखाजीला झोका बांधतात, हे खरं, पण असा नाही.

घरी येऊन मी कौतीला व्हिडिओ कॉल लावला. ती गिरणेकाठच्या आमच्याच गावात दिली होती, त्यामुळे माहेर-सासर तिला एकच. तिकडंही बंदच होतं, पण तिच्या अंगणात लिंब आहे. तिनं फोन लिंबाकडं फिरवून झोका दाखवला, मुद्दाम. मी तिला पट्ट्यांचं सांगितलं तर हसून हसून तिला खोकला आला.

"काय वं अक्का, तुमच्या देशात झोक्यालाही जेल झाली का?"

मी मालकांच्या नावानं घागर भरली होती ती स्टीलच्या कळशीत. दुकानं उघडी नव्हती, मातीचं कुठून आणणार? कौतीनं ती बघितली आणि मला झापलं. म्हणाली, स्टीलची काय भरतेस, दाजी काय डबा घेऊन ड्यूटीवर चाललेत? मातीची पाहिजे, माती पाणी गार ठेवते. मग तीच म्हणाली, जाऊ दे, पुढच्या आखाजीला तू इथं ये, मी दोन्ही टोकांना दोरी बदलून घट्ट झोका बांधते, आपण दोघी एकदम बसू. फांदी मोडली तर मोडली.

ते वर्ष असं गेलं की त्याचे महिने मला वेगळे करता येत नाहीत. हिवाळा लांबला. अंधार पडायच्या आधी घरात यायचं. संजू जेवणाच्या टेबलावर ऑफिस मांडून बसलेला, रिया खोलीत शाळा मांडून बसलेली, मी पोळ्या करताना लाटणंसुद्धा हळू फिरवायचे. मग हळूहळू इथलं सगळं उघडलं. उन्हाळा आला, लोक हॉटेलांत बसायला लागले, मॅचला गर्दी व्हायला लागली. झोके सुटले. रिया झोक्यावर बसून ओरडायची, आजी, पुश मी.

आणि मग दुसरी आखाजी जवळ आली, तेव्हा तिकडं आग लागली.

ते दिवस मला आजही बसू देत नाहीत. इकडं जवळच्या वेरिबीच्या दुकानात मी संजूबरोबर भाजी घ्यायला जायचे, तर माणसं हसत होती, कॉफीचे कप हातात, कुणाच्या तोंडाला फडकं नाही. बाहेर कोवळं ऊन, स्वच्छ रस्ता, रांगेत उभी लाल झाडं. आणि माझ्या हातातल्या फोनमध्ये माझ्या गावातल्या माणसांचे फोटो, खाली हात जोडलेले. आज हा, उद्या ती. माझ्या बरोबरीच्या बायका. मला वाटायचं, बा सांगायचा ती चारी युगं एकामागून एक येत नसतील. ती एकाच वेळी चालू असतील, वेगवेगळ्या गावांत. माझं नशीब बघा, सतयुगात आणून बसवलं आणि जीव कलियुगात अडकलेला. त्या कॉफी पिणाऱ्या माणसांचा मला राग यायचा. त्यांनी काय केलं होतं? काही नाही. तरी यायचा.

कौतीला ताप आला. मग श्वास. तिचा मुलगा गोकुळ तिला गाडीत घालून धुळ्याला घेऊन गेला. तिथं एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात, कुठं खाट नाही, कुठं खाट आहे तर ऑक्सिजन नाही. शेवटी मिळालं. गोकुळ म्हणाला, मावशी, तिला पालथं झोपवलंय, पालथं झोपलं की श्वास नीट जातो. मी त्याला म्हटलं, चांगलं आहे. मला तो बैल दिसत होता. बसलेला बैल असाच पोटावर असतो.

मी संजूला म्हटलं, मला जायचंय. त्यानं समजावलं, आई, विमानंच बंद केलीत. इथून एकही जात नाही. मी म्हटलं, बघ तरी. त्यानं माझ्यासमोर लॅपटॉप उघडून दाखवलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण त्याचा चेहरा कळत होता. मी घरात फिरायला लागले. हॉलमधून ओट्यापर्यंत, ओट्यापासून मागच्या दारापर्यंत. स्वाती म्हणाली, आई, बसा हो जरा. बसले की हात चालू व्हायचे, मग मी रियाच्या कपड्यांच्या घड्या मोडून परत घालायचे. कौती पडली होती आणि तिच्या एकाही पायापाशी मी नव्हते. एवढंच डोक्यात. मागचा डावा पाय तिनं तेव्हा धरला होता, माझ्याहून घट्ट.

रोज सकाळी संजूला विचारायचे, कशी आहे? तो म्हणायचा, तशीच आहे, ऑक्सिजन वर-खाली होतोय.

आखाजीच्या दोन दिवस आधी मी त्याला म्हटलं, या वर्षी घागर मातीची पाहिजे, तुझ्या मावशीनं मला बोल लावलाय. तुझ्या बाबांसाठी एक मातीचं भांडं आण. तो म्हणाला, नर्सरीत मिळेल, झाडाच्या कुंड्या असतात, पण त्यांना खाली भोक असतं. मी म्हटलं, भोक बुजव.

आखाजीची सकाळ उजाडली. मी अंघोळ करून पुरण शिजायला टाकलं. आमरस डब्यातला. संजू खाली आला तो माझ्याकडं न बघता. चहा उभ्यानं प्यायला. मी त्याच्या पाठीकडं बघत होते. त्या दिवशी मी विचारलं असतं तर त्याला खरं सांगावं लागलं असतं, हे त्याला माहीत होतं. मी वाढवलंय त्याला. माझ्या तोंडापर्यंत प्रश्न आला, तेवढ्यात तो म्हणाला, कुंडी घेऊन येतो, आणि गाडीची किल्ली घेऊन निघूनच गेला. मग स्वाती कपडे वाळत घालायला मागं गेली. ओले कपडे नव्हतेच त्या दिवशी. ती रिकाम्या दोरीपाशी उभी होती.

तो आला तेव्हा मी ओट्यापाशी होते. एका हातात पिशवी, त्यात डांगर. दुसरा हात पोटाशी धरून त्यानं कुंड्या आणल्या होत्या, एकात एक घातलेल्या.

दोन.

त्यानं त्या टेबलावर ठेवल्या. एकातून एक काढून शेजारी शेजारी ठेवल्या. बाथरूमच्या फरशीत भरतात ती पांढरी पेस्ट काढली आणि भोकं बुजवायला लागला. आधी एकीचं, मग दुसरीचं. मी एक सांगितली होती. एक माझ्या मालकांची. दुसरी कुणाची?

बहिणीची घागर बहीण भरत नाही. तिच्या घरी तिचा मुलगा भरतो. संजूला ही रीत माहीत नसेल. किंवा असेलही, आणि गोकुळ तिकडं कोरोनामुळं एका खोलीत बंद करून घेतलेला, त्याच्या हातून घागर भरली जाणार नाही, हेही माहीत असेल. त्याला तोंडानं सांगवलं नाही आणि आखाजीला खोटंही बोलवलं नाही. म्हणून दोन कुंड्या.

आमच्याकडं मानतात, बातमी कानावर आली की सुतक लागतं. कानावर येईपर्यंत नाही. मी त्या क्षणी विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, आणि मग सण नाही, पुरण नाही, कुणाचीच घागर नाही. सुतकात घागर कशी भरणार? कौती तहानलेली राहिली असती. वैशाखातल्या उन्हात, धुळ्याहून कुठं गेली असेल ती, अनवाणी.

मला मायचा हात पाठीवर आठवला. झोक्यामागचा.

मी पिशवीत बघितलं. संजूला म्हटलं, "डांगर एकच आणलंस का रे?"

त्याचं पेस्टचं बोट हवेत. मग हात न धुताच त्यानं किल्ली उचलली. गाडी निघाल्याचा आवाज आला, आणि बराच वेळ कोपऱ्यावर ती थांबून राहिल्याचाही. मी पेस्ट वाळू दिली. दोन्ही घागरींना कुंकवाची बोटं ओढली. पाणी भरलं. आधी मालकांची भरली, मग दुसरी. रिया खाली आली, तिनं विचारलं, हू इज द सेकंड वन फॉर, आजी? मी म्हटलं, बाळा, आज मला विचारू नको, उद्या विचार. ती नो वरीज म्हणून आमरसाची वाटी घेऊन गेली.

संजू दुसरं डांगर घेऊन आला, त्यावर दुकानाचं लेबल तसंच. मी ते काढलं नाही. ठेवलं घागरीवर. नैवेद्य दाखवला. जेवलो आम्ही सगळे. कुणी फार जेवलं नाही, पण कुणी उठलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी संजूला समोर बसवलं आणि म्हटलं, आता सांग. त्यानं सांगितलं. आखाजीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी. मी उठून डोक्यावरून अंघोळ केली.

मग घागरी उचलायला गेले. मालकांची घागर जशीच्या तशी भरलेली होती. हा माणूस जिवंत असतानाही तसाच, पोटातलं कधी बाहेर काढलं नाही. कौतीची अर्धी रिकामी. पेस्ट नीट बसली नव्हती, रात्रभर थेंब थेंब पाझरून फरशीवर पाणी पसरलं होतं, पार मागच्या दारापर्यंत. मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसले आणि मला हसू आलं. आयुष्यभर त्या बाईच्या पोटात काही राहिलं नाही. मग रडू आलं ते नंतर.

आता त्याला काही वर्षं झाली. दार उघडलं, मी गावी जाऊन आले, कौतीच्या लिंबाखाली उभी राहून आले. झोका कुणी बांधला नव्हता. मी बांधा म्हटलंही नाही. परत इथंच आले, कारण माझी माणसं आता इथं आहेत. संजूच्या लॅपटॉपवर एक महाराज सांगत होते की सतयुग यायला अजून लाखो वर्षं बाकी आहेत. असतील. बाला सालातून एक दिवस मिळायचा आणि त्याला तो पुरायचा. मला काही पुरत नाही. पानं पडायला लागली की मी दारात जाते, आत येते, परत जाते.

परवा संजूनं माळ्यावरून दोन्ही कुंड्या काढल्या. कौतीच्या कुंडीला खालून बोट लावून बघत म्हणाला, आई, ही दर वर्षी गळते, या वेळी चांगलं सिमेंट भरतो.

मी म्हटलं, राहू दे. खाली ताट ठेव.